छोटे विज्ञानकथा गेम: निवड करावी कशी आणि निभावावी कशी

‘सिटिझन स्लीपर’ या गेममध्ये प्रत्येक दिवसाची सुरुवात फाशांनी होते. शरीर धडधाकट असेल तर पाच फासे मिळतात, ढासळत चालले असेल तर चार, तीन, दोन असे कमी होत जातात. आणि त्या दिवशी जे काही करायचे, मग ती भंगाराच्या यार्डातली मजुरी असो, औषधाची तजवीज असो की शेजाऱ्याच्या मुलीला घटकाभर सांभाळणे असो, त्या प्रत्येक कामासाठी एकेक फासा खर्च करावा लागतो. सहा पडलेला फासा लावला तर काम फत्ते होते; एक पडलेला लावला तर ते बिघडण्याची, प्रसंगी अंगाशी येण्याची भीती असते. हा गेम मी पहिल्यांदा उघडला तेव्हा पडद्यावर अवकाशस्थानक होते, पण माझ्या डोळ्यांसमोर सोलापुरातल्या एका कापडगिरणीचे फाटक उभे राहिले. माझे आजोबा तिथे बदली कामगार होते. सकाळी भोंगा होण्याआधी फाटकाशी जाऊन उभे राहायचे, कायम कामगारांपैकी आज कोण आलेले नाही ते कळेपर्यंत थांबायचे, आणि नाव पुकारले गेले तर आत, नाही तर डबा तसाच घेऊन घरी.

त्या फाटकामुळेच हा गेम कसा खेळायचा ते मला उमगले, असे म्हटले तरी चालेल. ‘आजचा योग्य निर्णय कोणता’ असा प्रश्न आजोबांना पडत नसे. हातात काय आहे आणि त्यातून घरातली कोणती गरज आधी भागेल, एवढेच ते पाहत. छोट्या विज्ञानकथा गेममधली निवड बहुतेक वेळा याच जातीची असते. परीक्षेतल्या बहुपर्यायी प्रश्नासारखी ती सोडवायला बसले की असे गेम नीरस वाटू लागतात, आणि अशा तऱ्हेने कंटाळून अर्ध्यावर सोडून देणारे पुष्कळ लोक मी पाहिले आहेत. हे मार्गदर्शन प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे.

छोट्या गेममध्येच निवड का रंगते

छोटा गेम म्हणजे एका व्यक्तीने किंवा मोजक्या लोकांनी तयार केलेला, दोन तासांपासून फार तर वीस-पंचवीस तासांत संपणारा, आणि ज्यात धावपळ व गोळीबार यांपेक्षा वाचणे, बोलणे आणि ठरवणे अधिक आहे असा गेम, असे मी येथे धरले आहे. ‘सिटिझन स्लीपर’ २०२२ साली आला. त्याचे लेखन आणि रचना गॅरेथ डेमियन मार्टिन या एकाच व्यक्तीची आहे. पात्रांची चित्रे आणि संगीत यांसाठी आणखी दोघांची साथ घेतलेली आहे. याच लेखकाचा त्याआधीचा ‘इन अदर वॉटर्स’ हा गेम २०२० सालचा. त्यात परग्रहावरच्या समुद्रात उतरलेल्या जीवशास्त्रज्ञ बाईच्या पोशाखातली यंत्रबुद्धी आपण असतो, आणि संपूर्ण समुद्र आपल्याला केवळ नकाशावरच्या रेषा व ठिपके यांच्या रूपातच दिसतो.

मोठ्या गेममध्ये कथेला एक वेगळी वाट फोडायची म्हटली तर त्या वाटेसाठी नटांचे आवाज ध्वनिमुद्रित करावे लागतात, हालचाली टिपाव्या लागतात, नवी ठिकाणे उभारावी लागतात, आणि एवढा खर्च केलेली वाट निम्म्या लोकांनी पाहिलीच नाही तर तो वाया जातो. त्यामुळे मोठ्या गेममधले पर्याय वरवर कितीही वेगळे दिसले तरी वळसा घालून लवकरच त्याच रस्त्यावर येतात. जिथे सगळे मजकुरावर चालते, तिथे तीच वाट एका परिच्छेदात लिहून होते. ‘चॉइस ऑफ रोबॉट्स’ हा २०१४ सालचा निव्वळ मजकुराचा गेम सुमारे तीन लाख शब्दांचा आहे, आणि एका खेपेत आपण त्यातला फक्त काही भाग वाचतो. आपण घडवलेला यंत्रमानव स्वतंत्र वृत्तीचा व्हावा, सहृदय व्हावा की लष्कराच्या कामाचा व्हावा, हे पहिल्या प्रकरणापासून आपल्याच उत्तरांवरून ठरत जाते आणि पुढची तीस वर्षे आपला पिच्छा पुरवते.

अर्थात मजकूर स्वस्त असला तरी फुकट नसतो. समजा, एखाद्या कथेत दहा ठिकाणी दोन-दोन पर्याय आहेत आणि प्रत्येक पर्यायाची वाट शेवटपर्यंत वेगळीच राहते; तर त्या कथेला १,०२४ शेवट लिहावे लागतील. ते कोणी लिहीत नाही. वाटा फुटतात, थोडे अंतर वेगळ्या चालतात आणि पुन्हा एकत्र येतात. तुम्ही काय केले याची नोंद मात्र गेम ठेवतो आणि पुढे एखाद्या पात्राच्या बोलण्यात, एखाद्या बंद दारात, एखाद्या नसलेल्या माणसाच्या रिकाम्या खुर्चीत ती नोंद वर येते. ही रचना ठाऊक असली की ‘मी काहीही निवडले तरी शेवट तोच’ या नेहमीच्या तक्रारीतला जोर बराच ओसरतो, कारण मग आपण शेवटाकडे डोळे लावून बसत नाही. कोणती नोंद कुठे वर येते आहे, हे पाहण्यात रस वाटू लागतो.

पहिला गेम कोणता घ्यावा

ज्याने या प्रकारचे काहीच खेळलेले नाही त्याने मी तरी ‘सबसर्फेस सर्क्युलर’ने सुरुवात करावी असे सांगेन. हा २०१७ सालचा गेम दोन-तीन तासांत संपतो, जुन्या लॅपटॉपवरही चालतो आणि सगळाच्या सगळा भुयारी रेल्वेच्या एका डब्यात घडतो. आपण यंत्रमानवांमधला गुप्तहेर. डब्यातून उठायची परवानगी नाही. स्टेशन आले की काही प्रवासी उतरतात, काही चढतात, आणि समोर बसलेल्याशी बोलून माहिती काढायची. आपल्याकडे सोलापूर-पुणे गाडीत कुर्डुवाडी येईपर्यंत समोरच्याचे गाव, जात, नोकरी आणि मुलीचे स्थळ इतके सगळे कळलेले असते, तेव्हा हा प्रकार कुणाला शिकवावा लागेल असे वाटत नाही. शेवटी एकच मोठी निवड येते आणि तोवर केलेल्या गप्पांमुळे ती खरोखर जड जाते.

त्यानंतर आपापल्या स्वभावाप्रमाणे जावे. ज्याला माणसे हवीत त्याने ‘सिटिझन स्लीपर’ घ्यावा. ज्याला भाषेचे वेड आहे त्याच्यासाठी २०१९ सालचा ‘हेवन्स व्हॉल्ट’ आहे. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा एका गल्लीत ऐकत लहानाचे मोठे झालेल्यांना तो विशेष भावेल. त्यात अलिया नावाची पुरातत्त्वज्ञ आणि तिचा यंत्रमानव सोबती एका विसरलेल्या लिपीतले लेख शोधत हिंडतात, आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ काय असावा हे आपण दिलेल्या पर्यायांतून अंदाजाने ठरवतो. येथे मजा अशी की चुकीचा अंदाज केला तरी गेम लगेच टोकत नाही. अलिया तो अर्थ खरा धरून पुढे चालते, त्यावर मते बनवते, लोकांशी बोलते, आणि पुष्कळ पुढे एखादा नवा लेख सापडला की जुन्या अर्थाचा फोलपणा उघडा पडतो. अर्थ लावणे हीसुद्धा निवड असते, हे इतक्या सरळपणे दाखवणारा दुसरा गेम माझ्या पाहण्यात नाही.

ज्याला लढाई आणि ताण हवा त्याने २०१२ सालचा ‘एफटीएल’ घ्यावा. तो दोघांनी मिळून केला आणि आजही तितकाच ताजा आहे. फक्त मोबाइल असेल तर ‘लाइफलाइन’ शोधावा. २०१५ सालच्या या गेममध्ये एका निर्जन चंद्रावर अडकलेला टेलर नावाचा अंतराळवीर आपल्याला संदेश पाठवतो, आणि तो चालायला निघाला की खरोखरच तासभर गप्प राहतो. एका रात्री थंडीपासून वाचण्यासाठी अणुभट्टीजवळ झोपू का, असे तो विचारतो. तिथे १५० रॅड किरणोत्सर्ग आहे, तेवढा माणसाला सोसतो का, हे आपणच शोधून त्याला कळवायचे असते. मी त्या वेळी नवी पेठेत घरच्यांबरोबर चादरी बघत उभा होतो. दुकानदार घडी उलगडून दाखवत होता आणि मी फोनमध्ये किरणोत्सर्गाची मात्रा शोधत होतो, यावरून घरी बरेच ऐकून घ्यावे लागले.

खरेदीबाबत थोडक्यात सांगायचे तर संगणकासाठी स्टीम या दुकानात भारतात किमती रुपयांत दिसतात आणि तिथे ‘चॉइसेस मॅटर’ या खुणेखाली असे गेम सापडतात. ती खूण अनेक जण सढळ हाताने लावतात, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नये. ज्या गेमचा नमुना, म्हणजे डेमो, मोफत मिळतो तो आधी अर्धा तास खेळून पाहावा. खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेले असेल तर स्टीमवर पैसे परत मागता येतात. ही सोय चांगली आहे, मात्र दोन तासांत संपणारा गेम पूर्ण खेळून पैसे परत मागणे मला पटत नाही. आवडलेला गेम इच्छायादीत ठेवला की किंमत उतरल्यावर ईमेल येते, आणि उन्हाळी व हिवाळी सवलतीत छोटे गेम बऱ्याचदा निम्म्या किमतीत मिळतात. इच.आयओ या संकेतस्थळावर तर शेकडो छोटे मजकूरप्रधान गेम विनामूल्य किंवा खुशीच्या किमतीत आहेत. तिथे कचराही भरपूर आहे, पण दहा मिनिटांच्या एखाद्या गेममध्ये अचानक खरे सोने हाती लागते.

बैठक

असे गेम वाचायचे असतात, म्हणून बैठकही वाचनाची हवी. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा चाळिशीच्या वर असतो आणि लॅपटॉप माणसाआधी तापतो; म्हणून रात्री जेवणानंतरची वेळ उत्तम. लॅपटॉप एचडीएमआयच्या तारेने टीव्हीला जोडला तर अक्षरे मोठी दिसतात, दोघांना मिळून वाचता येते आणि मान धरत नाही. सुरुवातीलाच सेटिंगमध्ये जाऊन अक्षरांचा आकार वाढवावा व मजकूर उमटण्याचा वेग आपल्या वाचनाच्या वेगाला जुळवून घ्यावा. हे पाच मिनिटांचे काम न केल्याने अर्ध्या तासात डोळे दुखू लागतात आणि दोष गेमच्या माथी जातो.

या गेमचा मजकूर बहुतेक वेळा इंग्रजीत असतो, ही खरी अडचण आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. विज्ञानकथेत त्यात लेखकाने बनवलेल्या शब्दांची भर पडते. माझा उपाय असा की पहिला तासभर शब्दकोश उघडायचाच नाही. बनवलेले शब्द शब्दकोशात नसतातच, आणि जे शब्द महत्त्वाचे असतात ते पुन्हा पुन्हा येऊन आपला अर्थ आपणच सांगतात. निवडीच्या पर्यायात मात्र एकही शब्द संदिग्ध राहू देऊ नये; तिथे थांबावे, कोश पाहावा, आणि पर्याय मनातल्या मनात मराठीत म्हणून पाहावा. ‘मी तुझ्याबरोबर येतो’ आणि ‘येईन म्हणे’ यांतला फरक इंग्रजी वाक्यात नुसत्या एका क्रियापदात दडलेला असतो.

वीज आणि इंटरनेट यांचेही पाहावे. आमच्या भागातले इंटरनेट मनात येईल तेव्हा जाते. त्यामुळे स्टीम एकदा चालू करून ऑफलाइन पद्धत कशी लावतात ते आधीच शिकून घ्यावे. बहुतेक छोटे गेम आपोआप जतन होतात, पण ते नेमके केव्हा होतात हे पहिल्याच दिवशी तपासावे. एकदा वीज गेली आणि ‘हेवन्स व्हॉल्ट’मधला एक लांबलचक लेख मला दुसऱ्यांदा लावावा लागला. दुसऱ्या खेपेला मी त्याचा अर्थ वेगळाच लावला, हे विशेष.

पहिली खेप

पहिली खेप सरळ खेळावी. सरळ म्हणजे इंटरनेटवरचे मार्गदर्शन न पाहता, मागे न जाता, आणि जे झाले ते झाले असे मानून. हे सांगायला सोपे आणि करायला फार कठीण आहे, विशेषतः ज्यांनी शाळेपासून उत्तरपत्रिका तपासून पाहण्याची सवय लावून घेतली आहे त्यांना.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याला माझा भाचा आला होता. तो अकरावीत आहे. रात्री जत्रेतून परतल्यावर आम्ही ‘एफटीएल’ लावला. त्यात आपण एका लहान अवकाशयानाचे कप्तान असतो, मागून बंडखोरांचा ताफा येत असतो, आणि आठ विभाग ओलांडून आपल्या पक्षाला एक महत्त्वाची माहिती पोहोचवायची असते. वाटेत एका अवकाशस्थानकावरून मदतीची हाक आली: महाकाय कोळ्यांनी स्थानक भरले आहे, माणसे पाठवा. भाच्याने उत्साहाने माणूस पाठवला. स्थानक वाचले नाही आणि आपला तोफची परत आला नाही. चार माणसांच्या यानात एक खुर्ची रिकामी झाली.

‘मामा, मागं जावा की! सेव्ह असंल ना?’

‘यात मागे जाता येत नाही.’

‘मग काय उपयोग?’

तो पाच मिनिटे रुसून बसला. मग त्याने स्वतःच कळफलक ओढून घेतला आणि पुढच्या अर्ध्या तासात त्या यानाला ज्या काळजीने चालवले, ती आधी दिसली नव्हती. दार कोणते उघडायचे, आग लागलेल्या खोलीतली हवा केव्हा सोडायची, डागडुजीला कोणाला पाठवायचे, हे सगळे तो स्पेसबार दाबून गेम थांबवत विचारपूर्वक करू लागला. यान सहाव्या विभागात फुटले. त्या वेळी त्याने मागे जाण्याविषयी काही विचारले नाही. कोळ्यांच्या प्रसंगात निळ्या अक्षरांतला पर्याय आपल्याला का मिळाला नाही, एवढेच विचारले. प्रश्न अचूक होता. यानावर योग्य यंत्र किंवा योग्य जमातीचा माणूस असेल तर ‘एफटीएल’ एखादा जादा पर्याय निळ्या अक्षरांत देतो. म्हणजे कोळ्यांसमोरची निवड खरे तर तीन दुकाने आधी, काय विकत घ्यायचे हे ठरवताना, झालेली असते.

अशी लांबून आलेली निवड ओळखायला शिकणे हा या गेमचा अर्धा आनंद आहे. पडद्यावर दोन चौकटी उमटतात तेव्हाच निवड होते असे नाही. आमच्याकडे उजनीचे पाणी नळाला काही दिवसांआड येते तेव्हा कोणता ड्रम आधी भरायचा हे ठरवतानाच पुढच्या चार दिवसांचे धुणे-भांडे ठरून जाते, तसे ‘सिटिझन स्लीपर’मध्ये सकाळी चांगला फासा कुठे लावला यावरून आठवड्याभराने कोण आपल्यासोबत असेल ते ठरते. त्यात लेम नावाचा एक मजूर आपल्या लहान मुलीला, मीनाला, घेऊन स्थानक सोडून जाणाऱ्या जहाजावर जागा मिळवण्यासाठी राबतो आहे. तो कामावर असताना मीनाजवळ कोणीतरी थांबायला हवे. थांबले तर मजुरीचा फासा जातो, आणि आपल्याला तर औषधाशिवाय शरीर टिकवता येत नाही, कारण ते शरीर एका कंपनीच्या मालकीचे आहे आणि ठरावीक औषध न मिळाल्यास ते झिजेल अशीच त्याची घडण आहे. मी दोन दिवस मीनाजवळ थांबलो, तिसऱ्या दिवशी थांबलो नाही. गेमने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. रात्री मात्र मी लॅपटॉप बंद करून उगाच गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

पहिल्या खेपेला एक छोटी वही जवळ ठेवावी. त्यात कथा उतरवून काढायची नाही; फक्त निवडीआधी एक ओळ लिहायची, मी हे का करतो आहे. ‘लेमवर विश्वास बसत नाही.’ ‘पैसे हवेत.’ ‘कंटाळा आला.’ शेवटचे कारणही प्रामाणिकपणे लिहावे. पंधरा-वीस ओळी झाल्या की आपण साकारत असलेल्या पात्राचा स्वभाव आपल्याला वाचायला मिळतो, आणि तो आपण ठरवला होता त्यापेक्षा बहुधा वेगळा निघतो.

गेम पर्याय काढून घेतो तेव्हा

काही गेम निवड देतात आणि मग मुद्दाम हिरावून घेतात. तो बिघाड नसून लेखकाचे म्हणणे असते, हे लक्षात न आल्याने अनेक जण अशा ठिकाणी चिडतात. २०१९ सालच्या ‘निओ कॅब’मध्ये लीना ही एका शहरातल्या शेवटच्या मानवी टॅक्सीचालकांपैकी एक आहे, बाकी गाड्या यंत्रे चालवतात. तिच्या मनगटावरचे कडे भावनेप्रमाणे रंग बदलते: राग लाल, दुःख निळे. प्रवाशाचे बोलणे मनाला फार लागले की काही उत्तरे दिसतात, पण निवडता येत नाहीत. समजूतदार उत्तर समोर आहे, पण लीना इतकी संतापलेली आहे की ते तिच्या तोंडून निघणार नाही. त्यातच प्रवासी शेवटी तारे देणार आणि तारे घसरले तर काम जाणार. रात्रपाळीचा कोणताही रिक्षावाला किंवा डिलिव्हरीचा मुलगा हा गेम अर्ध्या तासात समजून घेईल. येथे खेळण्याची युक्ती अशी की त्या क्षणाचे उत्तर शोधत बसू नये. आधीच्या प्रवाशाच्या वेळी आपण मन किती तापवून घेतले, याकडे लक्ष द्यावे.

त्याच वर्षीचा ‘एलायझा’ याहून कठोर आहे. त्यात यंत्रबुद्धी लोकांचे समुपदेशन करते, आणि एव्हलिन नावाची नायिका समोर बसून त्या यंत्राने सुचवलेली वाक्ये फक्त वाचून दाखवते. समोरचा माणूस रडत असतो आणि आपल्याला एकच वाक्य दाबता येते. पर्यायाची चौकट एकटीच असते. पहिले दोन तास हे असेच चालते, आणि मी शपथेवर सांगतो की या दोन तासांत हात शिवशिवतात. तो शिवशिवाट साठवून ठेवावा. पुढे त्याचे काम पडते. यापेक्षा जास्त सांगितले तर रसभंग होईल.

२०१६ सालच्या, व्हेनेझुएलातल्या चमूने केलेल्या ‘व्हा-११ हॉल-ए’मध्ये तर संवादाचे पर्याय जवळपास नाहीतच. आपण भविष्यातल्या एका शहरातल्या बारमध्ये पेये बनवतो, आणि कोणाला काय व किती कडक दिले यावरून तो काय बोलून जातो ते बदलते. हा गेम प्रौढांसाठी आहे, हे घरात मुले असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. एकूणच, विज्ञानकथा आहे म्हणजे मुलांसाठीच असणार हा गैरसमज काढून टाकावा. गेमच्या पानावर वयाची सूचना असते ती वाचावी आणि शक्य तर पहिला तास मुलांसोबत बसावे.

दुसरी खेप केव्हा

दुसरी खेप प्रत्येक गेमला हवीच असे नाही. ‘एलायझा’ आणि ‘सबसर्फेस सर्क्युलर’ मी एकदाच खेळलो आणि तेवढे पुरे वाटले. दुसरा शेवट पाहण्यासाठी तोच मजकूर भराभरा दाबत जाणे म्हणजे वाचलेल्या कादंबरीची पाने उलटून फक्त शेवटचे पान पाहणे. ‘हेवन्स व्हॉल्ट’ दुसऱ्यांदा सुरू केला की शिकलेले शब्द आपल्याजवळ राहतात आणि लेख अधिक लांब व अवघड होतात, म्हणून तिथे जरूर परतावे. ‘एफटीएल’ तर हरण्यासाठी आणि पुन्हा सुरू करण्यासाठीच आहे.

परतण्याचे खरे कारण कथेतच गुंफले आहे ते २०२२ सालच्या ‘आय वॉज अ टीनेज एक्झोकॉलनिस्ट’मध्ये. एका परग्रहावर वसाहत करायला गेलेल्या लोकांतले एक मूल आपण असतो, दहाव्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंत. कोणत्या ऋतूत काय शिकायचे, कोणाशी मैत्री करायची, शेतात राबायचे की कुंपणाबाहेरच्या जंगलात जायचे, हे ठरवत दहा वर्षे जातात. पहिल्या खेपेला काही माणसे हातून जातात आणि आपण काही करू शकत नाही. दुसऱ्या खेपेला मात्र नायकाला मागच्या जन्माचे धूसर काही आठवते, आणि जिथे आधी काहीच सुचले नव्हते तिथे एक नवा पर्याय उमटतो. म्हणून या गेममध्ये पहिल्या खेपेत मार्गदर्शन पाहून सगळ्यांना वाचवायला जाऊ नये. तसे केले तर तो नवा पर्याय दिसल्यावर छातीत होणारी धडधड कायमची हुकते.

दोन खेपांच्या मध्ये दुसऱ्या कोणाला तरी तोच गेम खेळायला लावावा आणि मग बोलावे. इंटरनेटवरच्या शेवटांच्या याद्या वाचण्यापेक्षा यात जास्त कळते. माझ्या भाच्याने ‘सिटिझन स्लीपर’मध्ये मीनाकडे एकही दिवस दुर्लक्ष केले नाही, त्यासाठी तो औषधावाचून शरीर खंगवत राहिला आणि शेवटी दोन फाशांवर दिवस काढू लागला. मी त्याला सांगितले की हे शहाणपणाचे नव्हते. तो म्हणाला, ‘मामा, ती एकटीच बसली असती ना.’

स्वतः लिहून पाहणे

यापुढची पायरी स्वतः एक छोटा गेम लिहिण्याची आहे, आणि ती वाटते तितकी अवघड नाही. ट्वाइन हे साधन ख्रिस क्लिमस यांनी २००९ साली केले. ते मोफत आहे, ब्राउझरमध्येच चालते आणि त्याला प्रोग्रॅमिंग यावे लागत नाही. एक परिच्छेद लिहायचा, ज्या शब्दांवर दाबून पुढे जायचे ते दुहेरी चौकोनी कंसात टाकायचे, की नवा परिच्छेद आपोआप तयार होतो आणि पडद्यावर दोन चौकटींमध्ये बाण दिसतो. मराठी मजकूर देवनागरीत सरळ टंकता येतो. तयार झालेली फाइल कोणत्याही मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उघडते, म्हणून ती मित्रांना व्हॉट्सअॅपवर पाठवून त्यांच्याकडून खेळवून घेता येते. ‘हेवन्स व्हॉल्ट’ ज्या इंक नावाच्या लेखनभाषेत लिहिला आहे ती तिच्या निर्मात्यांनी २०१६ साली सर्वांसाठी खुली केली. ट्वाइन हातात बसल्यावर तिच्याकडे वळावे.

लिहिताना सुरुवात शेवटापासून करू नये. तीन परिच्छेद, एक निवड, आणि ती निवड आठवणारे एक वाक्य पाच परिच्छेदांनंतर. एवढेच आधी साधावे. मोठ्या अवकाशयुद्धापेक्षा ओळखीचे घर पन्नास वर्षे पुढे ढकलणे सोपे जाते. भाच्याने मे महिन्यात सुरू केलेला गेम असा आहे: साल २०७९, विजापूर रोडवरची एक सोसायटी, पाणी वाटून देणारे यंत्र, आणि त्या यंत्राला खोटे बोलायला शिकवता येते हे कळलेली एक आजी. पहिल्या मसुद्यात त्याने प्रत्येक पर्यायाला वेगळी वाट दिली आणि चौथ्या निवडीपर्यंत सोळा वाटा झाल्यावर मला फोन केला. वाटा पुन्हा एकत्र कशा आणायच्या ते मी त्याला समजावले: सगळ्यांना संध्याकाळी टाकीपाशी आणायचे, मात्र आजीला कोण काय बोलले होते हे तिला आठवत राहिले पाहिजे. सध्या त्या गेममध्ये चौतीस परिच्छेद आहेत, आणि त्यांतले दोन बाण अजून कुठेच जात नाहीत.